गुडघ्यांत मान घातलेला दरवेश

शिराझच्या त्या चित्रशाळेत पोथीचं पान कितीही हातांखालून जावो, चेहरे मात्र बुरहान उस्तादाचे, असा चाळीस वर्षांचा रिवाज होता. कुणी डोंगर काढी, कुणी सोनं चढवी आणि सगळ्यात शेवटी पान बुरहानकडे येई. गेली दोन वर्षं तो ती पानं घरी नेत होता. इथल्या गोंगाटात म्हणे त्याचा हात स्थिर राहत नसे. खरं तर त्याची नजर अधू झाली होती आणि घरी चेहरे त्याची विधवा मुलगी गोहर काढत होती. कष्ट लेकीचे, उस्तादी बापाची.

या लपवाछपवीचा बुरहानला वीट आला होता. पण चेहऱ्यांचं काम गेलं की आपल्याला इथे कोण विचारणार, या भीतीने तो गप्प राही.

त्या दुपारी चित्रशाळेचा मुख्य खलीलुल्ला, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, सूफी कथांच्या पोथीतलं एक पान घेऊन आला. दरवेशाच्या, म्हणजे फकिराच्या, दारी बादशहा आलाय, असं चित्र. पाण्याचा थेंब पडून दरवेशाचा चेहरा फिसकटला होता, तो खरवडून काढला होता. पोथीचा बांधणीवाला दारात खोळंबला होता. घरी न्यायला वेळ नाही, इथेच कर, असं खलीलुल्लाने सांगितलं.

बुरहानने मांजराच्या केसांचा कुंचला ओठांत धरून टोक काढलं. नाक पानाला लागेपर्यंत तो वाकला, तरी समोर धुकंच. डोळे, भुवया, जिवणी, सगळं हरभऱ्याएवढ्या जागेत बसवायचं. त्याला रडू आलं नाही. नुसतं आडवं व्हावंसं वाटलं.

मग त्याने निळा रंग घेतला. निळा अजून दिसत होता. दरवेश उकिडवा बसलेला होताच. ध्यान लावलेले दरवेश बसतात तसं त्याचं कपाळ गुडघ्यांवर टेकवून बुरहानने वरून निळी घोंगडी ओढली आणि तो मोकळा झाला.

खलीलुल्लाने पान उचलून उजेडात धरलं.

"बादशहा दारात उभा, आणि हा मान वर करत नाही?"

"थकलाय तो," बुरहान म्हणाला.

"पुढच्या पोथीत अकरा दरवेश आहेत. ते सगळेच थकलेले का?"

बुरहानने कुंचला खाली ठेवला. आणखी एक खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"नाही. ते गोहर काढील. दोन वर्षं तीच काढतेय."

"ठाऊक आहे मला. चाळीस वर्षांत तू काढलेलं एक माणूस कधी हसलं नाही, रे. आताशा हसायला लागलीत."

"मग बोलला का नाहीस?"

"थकलो हे ज्याचं त्यानं सांगायचं असतं." खलीलुल्लाने कुंचला उचलून धुतला. "तिला पानं घरी पाठवीन. तू मात्र येत जा. निळा तुझ्यासारखा कुणाला घोटता येतो?"

ज्याच्यापासून लपवलं, त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. बुरहानला रागही आला नाही. बांधणीवाला पान घेऊन गेला, तोवर बुरहानचा बसल्या जागी डोळा लागला होता.