कानबाईच्या मागची भिंत

बाळांनो, जरा एक खोली डोळ्यांसमोर आणा. सुरतेच्या बमरोलीतली. एका भिंतीला कपाट, दुसरीला गॅस नि भांड्यांची मांडणी, तिसरीला दार-खिडकी. मोकळी म्हणावी अशी भिंत एकच. बाजूच्या कापड कारखान्यात लूम खटाखटा चालतात, त्यामुळे या घरातले पेले कधी पुरते गप्प बसत नाहीत.

आता त्या मोकळ्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावा. त्यावर एक झाड काढलंय. खोडाशी पाण्यातले बारीक जीव, वर मासे, बेडूक, मग केसाळ प्राणी. शेंड्याजवळच्या एका फांदीवर माकडं आणि तिच्या शेजारच्या फांदीवर माणूस. झालं? मग आता त्या तक्त्याखाली, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेली सातवीतली नूतनही तुम्हाला दिसेल. तक्ता तिनंच काढला होता. मंगळवारी शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात तो घेऊन तिला बोलायचं होतं.

पण आज होता रविवार, श्रावणातला, कानबाईचा. खानदेशातून सुरतेला आलेली माणसं गाव मागे ठेवून आली, पण कानबाईला बरोबर घेऊन आली. संध्याकाळी नारळाला डोळे, नाक, नथ लावून देवी चौरंगावर बसायची. आणि चौरंग मांडायला भिंत ती एकच.

भिकनकाका केळीचे खांब घेऊन आत आले आणि दारातच थबकले.

"आई, हे बघितलंस? कानबाईच्या पाठीशी माकडं बसवली तुझ्या नातीनं!"

"माकडापासून माणूस झाला असं नाहीये, काका," नूतन म्हणाली. "जयंत सरांनी सांगितलंय. ती आणि आपण एकाच जुन्या फांदीला फुटलेले. माकडं आपली चुलत भावंडं."

"चुलत? मग रोट खायला बोलव की त्यांना! भाऊबंदच झाले ना आपले!"

कानबाईच्या रोटाचा, म्हणजे पुरणाच्या पोळ्यांचा, प्रसाद भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. त्यामुळे पुरण वाटणाऱ्या प्रमिलाबाई, म्हणजे नूतनची आई, तोंडाला पदर लावून हसल्या. नूतन हसली नाही.

काकाही मग हसायचे थांबले. "हे बघ पोरी, काय ते एक ठरव. देवीनं जग घडवलं म्हणून तिच्यापुढं गाणं म्हणायचं आणि मागं हे लटकवायचं, लोक काय म्हणतील? तक्ता काढ. सरांना सांग, दुसरा विषय द्या. बराबर ने?" असं सुरती वळणानं विचारून ते फुलं आणायला निघून गेले.

नूतन पेचात पडली. कारण यंदा कानबाईचं पहिलं गाणं तिनंच उचलायचं होतं. आजीचा, म्हणजे धुरपदाबाईंचा, आवाज बसला होता. घरातली गाणी आजीनं तिला महिनाभर शिकवली होती. पहिल्याच ओळीत होतं की कानबाईनं धरती घडवली, जीव घडवले. तक्ता खरा असेल तर ती ओळ खोटी. ओळ खरी असेल तर मंगळवारी शाळेत आपण खोटं बोलणार.

"आजी, मी नाही गाणार," ती म्हणाली.

आजीनं तिच्याकडे बघितलं. रागावली नाही. मांडीवरचा नारळ कुरवाळत म्हणाली, "आठे ये वं पोरी, इकडं माझ्यापाशी. आधी हे काम कर."

या घरात देवी सजवताना लहान मुलांना बाहेर ओट्यावर बसवत. आतून "कानबाई आली वं माय!" अशी हाक आली की मुलं धावत आत येत, आणि बघतात तो काय, नारळाला चेहरा! तो चेहरा आपोआप येतो, असंच नूतनला कितीतरी वर्षं वाटायचं. यंदा ती मोठी झाली म्हणून पहिल्यांदाच आत होती.

आजीनं तिच्या तळहातावर चांदीचे दोन डोळे ठेवले. "तू लाव."

"मी?"

"मग कोण? माझे हात कापतात."

नूतननं डिंक लावला. पहिला डोळा नीट बसला. दुसऱ्याच्या वेळी बाजूच्या कारखान्यात काहीतरी धाडकन आदळलं, ती दचकली आणि डोळा वर सरकला. डिंक असा घट्ट की हलेना.

"आजी! वाकडा झाला! आता काय?"

"ओढू नको, नारळाचे धागे निघतील. राहू दे. यंदाची कानबाई अशी."

"अशी कशी चालेल? कानबाईचा चेहरा ठरलेला असतो ना?"

आजी घोगऱ्या आवाजात हसली. "जा, कपाट उघड."

कपाटाच्या दाराला आतून फोटो चिकटवलेले होते. कुटुंब सुरतेला आलं तेव्हापासून दर वर्षीच्या कानबाईचा एक. नूतननं ते शंभरदा पाहिले होते, पण एकमेकांशी ताडून कधीच पाहिले नव्हते. सगळ्यांत जुन्या फोटोतल्या कानबाईला कवड्यांचे डोळे होते, नाक नुसतं कुंकवाचं. आणि गेल्या वर्षीची? चांदीचे डोळे, मोठी नथ, कानांत झुबे. दोघी एकमेकींच्या कुणी लागत असतील असं वाटू नये! पण शेजारशेजारचे कोणतेही दोन फोटो घेतले, तर जेमतेम एखादा फरक.

"या जुनीची ही नथवाली कधी झाली, आजी?"

"अशी एका वर्षी नाही झाली. दर वर्षी मागच्या वर्षीची आठवून करते मी. हात म्हणजे काही छापखाना नाही. थोडं इकडंतिकडं होतं. जे बघणाऱ्याला गोड वाटतं ते टिकतं, बाकीचं जातं."

नूतन वळून तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, सर अगदी असंच सांगतात! पिल्लं आईबापांसारखी होतात, पण हुबेहूब नाही. जे जगायला उपयोगी ते टिकतं. फक्त..." ती अडखळली. "इथं तू निवडतेस. सर म्हणतात, रानात कुणी बसून निवडत नाही. ज्याला जगता येतं तो राहतो, बस."

"तुझे सर म्हणतात तर तसंच असेल. त्यांनी पाहिलंय, शिकलेत. मी कशाला नाही म्हणू?"

"मग देवीनं घडवलं ते?"

आजीनं नारळ तिच्यापुढे धरला. एक डोळा खाली, एक वर. "हा डोळा कोणी लावला?"

"मी."

"डिंक कुठला?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातला."

"सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. आता मला सांग, कानबाई आली की नाही आली?"

नूतननं देवीकडे पाहिलं. लहानपणी ओट्यावरून धावत आत आल्यावर छातीत जसं धडधडायचं तसंच आत्ताही धडधडत होतं. उलट जरा जास्तच.

"आली," ती म्हणाली.

"मी पन्नास वर्षं देवीला डोळे लावतेय, पोरी. दर वर्षी डिंकाची बाटली बघते म्हणून माझी देवी कधी पळून गेली नाही. जग कसं घडलं ते तुझा तक्ता सांगतो. सांगू दे. जेवढं सांगेल तेवढं ऐकायचं. हात कुणाला जोडायचे, ते काही तो सांगत नाही. ते मला माहीत आहे."

तेवढ्यात भिकनकाका झेंडूच्या माळा घेऊन आले. देवीकडे पाहून म्हणाले, "हा डोळा कोणी चढवला?" मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. "पण बरी दिसते हां. गालात हसल्यासारखी." मग त्यांची नजर वर गेली. "आणि माकडं अजून तिथंच?"

"भिंतीचं काय करायचं ते नूतन ठरवेल," आजी म्हणाली आणि तिनं देवी तक्त्यापुढच्या चौरंगावर बसवली.

शेजारच्या शोभाबाई बायकांना घेऊन दारात आल्याच होत्या. देवीला हात जोडता जोडता त्यांनी वर पाहिलं. "अगं बाई, हे काय गं मागं?"

सगळ्यांच्या नजरा नूतनकडे वळल्या. काकांनी डोळे मोठे केले.

"मावशी, जीव कसे घडत गेले ते आहे त्यात," नूतन म्हणाली. "मंगळवारी शाळेत सांगायचंय. ते खरं आहे. आणि पुढं बसली आहे ती कानबाई. तिचे डोळे मी लावलेत, तरी आलीच ना ती? तसंच या जीवांचंही."

शोभाबाईंनी एकदा तक्ता पाहिला, एकदा देवी. "वरचं ते माकड भिकनभाऊंसारखं दिसतं," त्या म्हणाल्या, आणि बायका खो खो हसत सतरंजीवर टेकल्या. काका पुटपुटले, "भाऊबंदच ना आमचे," आणि माळा बांधायला लागले.

तक्त्याचा खालचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. नूतन स्टुलावर चढली. देवीच्या डोळ्यांचा उरलेला डिंक बोटावर घेऊन तिनं तो कोपरा भिंतीला दाबून बसवला. मग खाली उतरली, बोट फ्रॉकला पुसलं, आजीला खेटून बसली, आणि कानबाईच्या वर चढलेल्या डोळ्याकडे बघत गाण्याची पहिली ओळ खणखणीत आवाजात उचलली.