डाव्या पायाचं जोडवं

संयोगितानं दोन पेन्सिली घेतल्या, एक लाल आणि एक हिरवी. सांगलीतल्या त्या हृदयाच्या इस्पितळात तिचं काम एकच होतं. ऑपरेशन झालेल्यांच्या जखमांवर नजर ठेवायची, कुठली चिघळली आणि कधी ते वहीत लिहायचं, आणि पेशंट घरी गेला की तीन-तीन दिवसांनी फोन करून विचारपूस करायची. पाच वर्षं ती हे करत होती आणि पाच वर्षं बाकीच्या सिस्टर तिला 'पूवाली' म्हणून चिडवत होत्या. चिडवोत बापड्या!

दुपारी बाराला मोठ्या डॉक्टरांची मीटिंग होती, म्हणून ती सकाळीच दोन वर्षांची वही उघडून बसली. बायपासनंतर जखम बिघडलेला पेशंट पुरुष असला की नावाखाली लाल रेघ, बाई असली की हिरवी. अर्ध्या तासात चहा निवला आणि डोकं तापलं.

लाल नावांपुढं बहुतेक ठिकाणी लिहिलं होतं, छाती. हिरव्या नावांपुढं, पाय.

बायपासला छाती उघडतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हृदयाला जोडायची नस बहुधा पायातून काढतात, त्यामुळं पायावरही लांबलचक चीर पडते, हे लोक विसरून जातात. संयोगिता वही काखोटीला मारून जवळजवळ पळतच सर्जन डॉक्टर राजवर्धनांच्या खोलीत शिरली. ते सकाळचा राउंड उरकून पोहे खात होते.

"सर, हे बघा! बाया सगळ्या पायात अडकल्यात!"

डॉक्टरांनी रेघा बघितल्या. "हे नवीन नाही सिस्टर. बायकांची पायाची जखम जास्त चिघळते, पुरुषांची छातीची, असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. साखर, वजन, पायातली चरबी, कारणं पुष्कळ सांगतात."

"पण सर, तारखा! पुरुषांची जखम बिघडलेली नवव्या-दहाव्या दिवशी सापडते. बायकांची विसाव्या! मधले दहा दिवस ते जंतू काय देवदर्शनाला जातात?"

डॉक्टरांचा चमचा तोंडाशीच थांबला. मग ते हसले. "उत्तर सापडलं तर मीटिंगमध्ये आधी तुम्ही बोलायचं."

एवढं पुरे होतं. संयोगितानं कपाटातून फोनच्या कागदांचा गठ्ठा ओढून टेबलावर पसरला. प्रत्येक कागदावर एक रकाना होता, 'फोनवर कोण बोललं'. तो भरायची ती स्वतःच, पण वाचला मात्र कधी नव्हता. पुरुषांच्या कागदांवर होतं, स्वतः, स्वतः, स्वतः. बायकांच्या कागदांवर होतं, पती, मुलगा, पती, दीर, पती. नंबरच घरच्या पुरुषाचा दिलेला असायचा. सापडलं होतं! जंतू कुठंही गेले नव्हते. दहा दिवस ती ज्यांना विचारत होती त्यांनी तो पाय बघितलाच नव्हता. आनंदानं तिला उडी मारावीशी वाटली, आणि तिनं मारलीही.

मग हाताला कालचा कागद लागला. मनुबाई, वय एकसष्ट, कडेगाव. ऑपरेशनला पंधरा दिवस. फोनवर बोलले, पती. जखम, 'उत्तम'. ते 'उत्तम' तिच्याच अक्षरात होतं. तिनं तिथंच फोन लावला.

"सब ठीक, सिस्टर!" मनुबाईंचे यजमान लालासाहेब लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून परेडचा. "छाती एकदम कोरडी. साखर एकशेचाळीस. सकाळी आंगनात दोन चकरा."

"आनि पाय?"

"पायाचं काय? चालतीया की."

"तुमी बघितलाय का पाय, सुभेदार?"

"आता बाईमानसाचा पाय मी काय बगू? सूनबाई बगत आसंल."

"सूनबाई कुठं हायत?"

"पुन्याला," लालासाहेब म्हणाले.

संयोगितानं फोन मनुबाईंकडं द्यायला लावला. "बरं हाय बाई," मनुबाई म्हणाल्या. हे 'बरं हाय' संयोगिताच्या चांगलं ओळखीचं होतं. कुंडलला तिची आई हात मोडल्यावरही दोन दिवस असंच म्हणत होती. सरळ विचारून ही बाई सांगायची नाही. काय विचारावं? तिचं लक्ष आपल्याच पायांतल्या जोडव्यांकडं गेलं.

"सुभेदारांना जरा भाईर जायला सांगा मावशी. गेले? आता खरं सांगा. ऑपरेशनाला काढलेली जोडवी घरी येऊन घातली असतील न्हवं? बसत्यात का नीट?"

एकदम बारीक आवाज आला, "उजव्या पायातलं हाय. डावं... तीन दिस झालं, काढून पदराच्या गाठीत बांधलंय. बोट लय सुजलं. कुनाला सांगू नगा बाई. कुंकवाचा धनी समोर आसताना जोडवं काढलं, लोक काय म्हनतील? म्हून पाय लुगड्याखालीच ठेवतीया."

"थंडी वाजतीया?"

"सांजच्याला. गोधडी घेतली की बरं वाटतंय."

संयोगिता खुर्चीतून उठली. नस डाव्याच पायातून काढली होती. "मावशी, जोडवं तसंच राहू द्या आनि सुभेदारांना बोलवा." सुभेदार आले. "गाडी काढा. आत्ताच्या आत्ता! मनुबाईंच्या पायात पू झालाय बहुतेक. पाय उशीवर वर ठिवून मागच्या सीटवर निजवा आनि वाटंत चहाला बी थांबू नका."

सुभेदारांनी एकही प्रश्न विचारला नाही, एवढं मात्र त्यांचं कौतुक. साखर कारखाने चालू होते, रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. पुढचा दीड तास संयोगिताचा जीव त्या ट्रॉल्यांत अडकून पडला. फोन वाजला की ती दचकायची. "कुंडल पार!" मग, "पलूस पार! तिला जरा ग्लानी हाय, पर बोलतीया." ती डॉक्टरांना सांगायला धावायची, परत दारात येऊन उभी राहायची, परत धावायची. वॉचमन म्हणाला, "सिस्टर, लग्नाचं वऱ्हाड यायचंय का काय?"

सव्वाअकराला जीप दारात लागली. लुगडं वर केलं आणि सुभेदारांनी पाय पहिल्यांदा बघितला. पोटरी लालबुंद, चकाकत होती, आणि चिरेच्या खालच्या टोकातून पू येत होता. छातीची जखम मात्र खरोखरच कोरडी ठणठणीत होती. त्यात सुभेदारांनी कणभर खोटं सांगितलं नव्हतं.

अर्ध्या तासानं डॉक्टर राजवर्धन हातमोजे काढत बाहेर आले. "सगळा पू काढला. औषध चालू केलंय. अजून दोन दिवस गेले असते तर रक्तात पसरलं असतं, आणि मग पायाचं सोडा, त्यांनाच वाचवणं अवघड होतं. पाय राहील. बाईही राहतील!" संयोगितानं समोरच्या दोन्ही सिस्टरना एकदम मिठी मारली. 'पूवाली' म्हणणाऱ्या त्याच दोघी.

सुभेदार खाटेजवळ उभे होते. मनुबाईंनी पदराची गाठ मुठीत लपवली होती. सुभेदारांनी हळूच ती मूठ उघडली, गाठ सोडली आणि जोडवं हातात घेतलं.

"मला सांगायचं न्हाईस व्हय गं?"

"तुमी रोज छाती बगत हुता," मनुबाई म्हणाल्या. "पायाचं कवा इचारलंच न्हाई."

परेडचा आवाज कुठच्या कुठं गेला. सुभेदारांनी जोडवं शर्टाच्या खिशात, छातीवर ठेवलं आणि वरून बटण लावलं. "सूज उतरंस्तवर हे माज्याकडं. कुनाला काय म्हनायचं आसंल तर मला म्हनू दे." एवढं बोलून ते बाहेर आले आणि बाकावर बसून लहान पोरासारखे रडले.

मीटिंग पंधरा मिनिटांत उरकली, कारण संयोगिता आधी बोलली आणि नंतर कुणाला बोलण्यासारखं राहिलंच नाही. घरी गेलेल्या अजून सात बाया होत्या. त्यांचे कागद घेऊन ती सुभेदार अजून बसलेल्या बाकाच्या टोकाला बसली आणि पहिला नंबर लावला. फोन पुरुषानंच उचलला.

"सगळं बेस हाय बगा सिस्टर, काय काळजी न्हाई. जखम एकदम..."

सुभेदारांनी डोळे पुसले आणि हात पुढं केला. संयोगितानं क्षणभर विचार केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"आरं गड्या," ते म्हणाले, "म्या बी आज सकाळपतुर असंच म्हनत हुतो. तू बघितलास का तिचा पाय? न्हाई न्हवं? मग फोन तिला दे आनि तू जरा भाईर जाऊन हुबा ऱ्हा!"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. सुभेदारांनी फोन परत दिला आणि मान दुसरीकडं वळवली.

"हॅलो?" एक बाई दबक्या आवाजात म्हणाली. "कोन हाय?"

"संयोगिता सिस्टर, मावशी. तुमच्यासाठनंच फोन केलाय," संयोगिता म्हणाली. "जोडवी बसत्यात का नीट?"