हळद्याचे डोळे

रुपराव ठवकरांच्या घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी कुत्रा. पाहुण्याला कुत्र्याची भीती असो की शिसारी, रुपराव हाक मारणार, आतून हळद्या डुलत येणार, आणि मग त्याच्या डोळ्यांवर लांबलचक व्याख्यान. पाहुणा बिचारा चहाची वाट पाहत मान डोलवायचा. आत वच्छलाबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि दूध पुन्हा तापवायला ठेवायच्या.

पण मिरवायला कारण होतं हो. रुपराव मूळचे नागपूरजवळच्या कुहीचे, धान पिकवणाऱ्याचं पोर, मँगनीजच्या कंपनीत हेडक्लार्क झालेले. कंपनीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत निघाला तेव्हा आपली गोल्डन रिट्रीव्हरची जोडी त्याने रुपरावांच्या हवाली केली, आणि बजावलं, की यांच्यात दुसरं रक्त मिसळू देऊ नकोस. साहेब गेला, पण त्याचा शब्द रुपरावांनी देवाच्या प्रसादासारखा जपला. परदेशातून कुत्रा आणायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा, ते कोण करतो? तेव्हा जबलपूर, कलकत्ता, मद्रास, जिथे जिथे या जातीचं पिल्लू गेलं ते याच जोडीच्या गोतातलं. त्यातून रुपरावांनी क्लब काढला. अखिल भारतीय, बरं का. सचिव तेच. कचेरी म्हणजे नागपूरच्या धंतोलीतल्या घराची ओसरी. आणि शिपाई, स्वैपाकी, कुत्र्यांची सुईण, ही सगळी पदं एकट्या वच्छलाबाईंकडे.

कुठल्या कुत्रीची कुठल्या कुत्र्याशी सोयरीक करायची हे रुपराव ठरवत. पोटच्या लेकीच्या लग्नात त्यांनी एवढी कुळी पाहिली नसेल. बाहेरच्या रक्ताचा नुसता संशय आला, तरी पिल्लाला क्लबाचा दाखला नाही म्हणजे नाही. अशा निगुतीतून हळद्या निपजला. हळदीच्या रंगाचा, भरदार, आणि तीन वर्षांचा झाला तशी त्याच्या डोळ्यांत काय झळाळी आली! बाहुली मोठी, काळीभोर, आणि आतून हिरवट सोनेरी चमक. प्रदर्शनांतले परीक्षक बघतच राहायचे. हळद्याला बक्षिसांवर बक्षिसं मिळाली, तसा रुपरावांनी क्लबात नियमच करून घेतला, की तेजस्वी डोळ्यांना जास्तीचे गुण. मग काय, ज्याचे डोळे चमकतील त्याच्याकडेच माद्या. हळद्यासाठी तर कुठून कुठून कुत्र्या आगगाडीने नागपुरात उतरू लागल्या.

एकोणऐंशी साली क्लबाचं वार्षिक प्रदर्शन पहिल्यांदा नागपुरात ठरलं. रुपरावांचे पाय जमिनीवर ठरेनात. पाहुणे येणार म्हणून त्यांनी घराला चुना मारायला घेतला आणि एका सकाळी स्वतःच पदर खोचल्यासारखे कामाला लागले. ओसरीतला दिवाण ओढून मधे आणला, पाण्याची घडवंची दारापुढे सरकवली. दमले, बसले, आणि हळद्याला हाक मारली.

हळद्या धावत आला तो थेट दिवाणावर आदळला. रुपराव हसले. कुत्रा उठला, अंग झाडलं, वळला आणि घडवंचीवर आदळला. माठ फुटला. रुपरावांचं हसू तोंडातच राहिलं. त्यांनी त्याचं मुस्कट धरून डोळ्यांपुढे हात हलवला. डोळे चमकत होते, पापणी हलली नाही.

आवाज ऐकून वच्छलाबाई बाहेर आल्या. फुटक्या माठाकडे त्यांचं लक्ष नव्हतं, कुत्र्याकडेही नाही.

"दिवाण काहून हलवला तुमी?" त्या म्हणाल्या.

तेवढ्या एका वाक्यात रुपरावांना सगळं कळलं. या घरात खुर्ची म्हणून जागची का हलत नाही, दारात वस्तू ठेवली की बायको का कावते, आणि उंबरठ्याशी आली की हळद्याला जीभ टाळ्याला लावून 'टक्' का करते. त्यांना वाटायचं, बाई म्हातारपणी विक्षिप्त होत चालली.

"तुले ठाऊक होतं?"

"मागच्या संक्रांतीपासून."

"मंग मले काहून सांगतलं नाही वं?"

"कसं सांगू? त्याच्या डोळ्याचंच तं कौतुक करून राहिले होते तुमी."

जनावरांचे डॉक्टर ताराचंद मेश्राम जवळच राहत. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बत्ती लावून हळद्याचे डोळे पाहिले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की ही चमक म्हणजेच आजार. डोळ्याच्या मागचा पडदा विरत जातो, बाहुली उजेडासाठी फाकते, आणि आत शिरलेला उजेड तसाच परत बाहेर येतो, तो आपल्याला झळाळी वाटतो. आजार रक्तातला. आई नि बाप दोघेही आंधळे होणारे असतील तर एकही पिल्लू सुटत नाही. उपाय दोनच, बाहेरचं रक्त आणा नाहीतर पैदास थांबवा.

"रुपरावजी, तुम्ही इतकी वर्षं चमक निवडली," डॉक्टर म्हणाले. "निवडून निवडून आजारच वाढवला."

रुपराव घरी आले ते मेल्यासारखे होऊन. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना ठवकरसाहेब म्हणणारं क्लबाशिवाय कोणी उरलं नव्हतं. बोललो तर क्लब बुडतो, आणि न बोललो तर आंधळी पिल्लं जन्मतच राहतात, घराघरांत. जेवणावरून त्यांचं मन उडालं. हळद्या येऊन मांडीवर डोकं ठेवी आणि ते चमकते डोळे वर करून बघे, म्हणजे बघतो असं वाटे, आणि रुपरावांना रडू फुटे. शेवटी त्यांनी ठरवलं, प्रदर्शनाच्या दिवशी सभेत उभं राहून सांगायचं. क्लब मोडला तर मोडला.

प्रदर्शन कस्तुरचंद पार्कात भरलं. थंडीचं कोवळं ऊन, दोरीने आखलेलं चौकोनी रिंगण, बाजूला संत्र्यांच्या करंड्या. रुपरावांनी हळद्याला वच्छलाबाईंपाशी बसवलं आणि स्वतः दोरीला टेकून उभे राहिले. सर्वांत पुढे क्लबाचे अध्यक्ष, जबलपूरचे मधुसूदनराव, आपल्या केतकी कुत्रीला घेऊन निघाले. हळद्याची पिल्लं नुकतीच झालेली ती केतकी. काय तिची चाल, काय ते डोळे! कोपरा आला. मधुसूदनरावांनी पुढे बघतच जीभ टाळ्याला लावली, 'टक्'. केतकी वळली.

रुपराव दोरीवरून पुढे वाकले. मागून मद्रासचे गृहस्थ आले, त्यांनी कोपऱ्यावर चुटकी वाजवली. कलकत्तेकरांनी मांडीवर थाप मारली. कोणी खाकरलं, कोणी साखळी झटकली. प्रत्येकाची खूण निराळी, आणि प्रत्येक कुत्रा त्या खुणेवर वळत होता. परीक्षक डोळ्यांना गुण देत होते.

सभा मांडवात झाली. रुपराव उभे राहिले. माझा हळद्या आंधळा झाला आहे, ते म्हणाले, आणि हे डोळे म्हणजे आजार आहे, आणि हा आजार मीच तुमच्या घरोघर पोचवला. मला वाटेल ती शिक्षा करा, पण आजपासून ही पैदास थांबवा.

कोणीतरी संत्रं सोलत होतं, तेवढं थांबलं.

"बसा, रुपराव," मधुसूदनराव मऊ आवाजात म्हणाले. "इथं कुणाला नवीन आहे हे?"

मग हळूहळू सगळे बोलायला लागले. पिल्लं मोठमोठ्या घरी गेली आहेत, आता काय तोंड दाखवायचं? दुसऱ्या जातीचे क्लब हसतील. बाहेरचं रक्त आणलं तर मग हा क्लब कशाचा? शिवाय कुत्रा काही तक्रार करतो का? खातो, पितो, शेपटी हलवतो. एका बाईंचे डोळे भरून आले होते, पण हात त्यांनीही सगळ्यांबरोबरच वर केला. विषय पुढे नेऊ नये असं ठरलं. तेजस्वी डोळ्यांचा नियम कायम राहिला. नागपूरच्या उत्तम व्यवस्थेबद्दल सचिवांचे आभार मानण्यात आले आणि टाळ्या पडल्या. आपल्या एका शब्दाने क्लब मोडेल म्हणून हा माणूस दिवसरात्र झुरला होता. क्लबाला ओरखडासुद्धा उमटला नाही.

मांडवाबाहेर नीला नावाची अमरावतीची शिक्षिका थांबली होती. ती अजून सभासद झाली नव्हती म्हणून आत आली नव्हती. हळद्या-केतकीचं पिल्लू तिला त्याच सकाळी मिळालं होतं, आणि तिने ते शालीत गुंडाळून उराशी धरलं होतं. रुपराव तिच्याकडे गेले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आई-बाप दोघेही असे आहेत, तेव्हा हे पिल्लूही चौथ्या-पाचव्या वर्षी आंधळं होणार, त्याला औषध नाही. परत द्या, मी सांभाळतो.

नीलाला आधी ते खरं वाटलंच नाही. पिल्लू तिच्या बोटाकडे टकमक बघत होतं. मग ती रडायला लागली, आणि परत द्यायचं नाही म्हणाली. नाव ठेवून झालं होतं. मी आता काय करू, असं तिने विचारलं. कुत्र्याचा आहार, केस, जंत, सगळ्यांवर ज्यांनी सल्ले दिले ते सचिव वच्छलाबाईंकडे पाहू लागले.

वच्छलाबाई हळद्याला घेऊन जवळ आल्या. त्यांनी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला.

"बाई, घर सोताचं का भाड्याचं?"

"भाड्याचं."

"हा चार वर्षांचा होयेपर्यंत बदलवून घेजो, काय बदलवाचं ते. मंग नको बदलवू. घर बदललं का तो हरवते. आणि दिवाण, खुर्च्या आतापासूनच एका जागी ठेवजो."

मग त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'टक्' केलं. हळद्या वळला. नीलाने डोळे पुसले आणि करून पाहिलं, पण आवाज निघेना. वच्छलाबाई म्हणाल्या, जमते, जमते, आणि त्यांनी तिला पुन्हा करून दाखवलं. रुपराव बाजूच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं.