दसऱ्याचा घोडा

पाटणकर बाजारात पत्रकं वाटणाऱ्या पोरांबरोबर शामलाचा मुलगा गोविंदही धरला गेला. बेचाळीस साल होतं. दसरा झाला की कोतवालीतल्या साऱ्यांना दूरच्या तुरुंगात हलवणार, अशी बोलवा होती. शेवटी नवऱ्याला न विचारताच ती सरदार जगदेवरावांच्या हवेलीवर गेली आणि त्यांचा शब्द घेऊन आली.

"अहो, एकच अट आहे," ती चाचरत म्हणाली. "दसऱ्याला त्यांचे आश्रित घोड्याची पूजा करतात ना, त्यांच्यात तुम्ही उभं राहायचं. हार घालायचा, हात जोडायचे. मग ते कोतवालीत सांगून गोविंदाला सोडवतील."

तिचे यजमान माधवराव मुरारच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीला दर रविवारी शिकवत. शिलेदाराचा नातू, घोडा म्हणजे जीव की प्राण.

"अगं, गेल्याच रविवारी काय सांगितलं मी? शत्रू चालून येतोय म्हणताच यरुशलेमचे लोक मिसर देशाकडे घोडे मागायला धावले. यशया संदेष्टा ओरडत राहिला, अरे, ते घोडे नुसते मांसाचे आहेत, देवाकडे वळा!"

"यशयाचा पोरगा कोठडीत नव्हता."

माधवराव हळूच म्हणाले, "खरारा करीन, लीद काढीन. हात नाही जोडणार. पण गोविंदाला काही झालं तर तू मला माफ करशील का, ठाऊक नाही."

दुसरी कुठलीही अट घाला, असं विनवायला दसऱ्याच्या सकाळी शामला एकटीच हवेलीवर गेली. अंगणात पांढरा घोडा झूल घालून उभा होता. जगदेवराव मात्र अनवाणी फेऱ्या मारत होते. महाराजांच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांचं स्थान मागं ढकललंय अशी कुणकुण होती, आणि दरबारातून निरोप येत नव्हता. फाटक करकरलं की ते दचकत. शामलानं तो चेहरा ओळखला. रोज सकाळी आरशात ती तोच बघत होती.

ह्यांनाच कुणाचा आधार नाही, हे कळल्यावर विनवणी सोडून ती सरळ सरदारीणबाईंपुढं, सुलोचनाबाईंपुढं, जाऊन उभी राहिली. "बाईसाहेब, आमचे हे नाही यायचे."

"वा! मग धाडा तुमच्या देवालाच कोतवालीत."

"त्यालाच सांगते आता," शामला म्हणाली. पायऱ्या उतरून ती कोतवालीकडे निघाली.

माधवराव डबा घेऊन कोतवालीच्या दाराशी बसले होते. ती शेजारी टेकली. "अम्मा, पीछे हटो!" शिपाई खेकसला, पण डबा त्यानं आत नेला. थोड्या वेळानं उंच झरोक्यातून घोगरा आवाज आला.

"आई? सरदारांच्या अटीचा तुझा निरोप मिळाला होता. बाबा गेले ना हवेलीवर?"

"नाही रे, गोविंदा."

शामलानं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"मग प्रार्थना करा," गोविंद म्हणाला. "जोर से. इथं आत ऐकू यायला पाहिजे."

माधवरावांना शब्दच सापडेना. तेव्हा शामलानं सुरुवात केली.