पाचवा महिना चालू आहे

पुलगावच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रुखमा आली होती ती लेकीच्या सोबतीला. एसटीत रुपाला मळमळायचं, आणि जावई अमर कामावर होता. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या रुखमाने लेकीच्या कानाशी तोंड नेलं आणि सकाळपासून चौथ्यांदा तेच सांगितलं.

"पोटाचं बोलजो नोको. आधी आर्डर हातात घेजो."

रुपाने नुसती ओढणी सारखी केली.

रुखमाला ही भीती उगाच नव्हती. अठरा हंगाम तिने जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचला होता. रुपाच्या वेळी पदर पुढे ओढून सातव्या महिन्यापर्यंत तिने कोणाला कळू दिलं नाही. मुकादमाच्या लक्षात आलं त्या दिवशी तिला दुपारीच घरी पाठवलं, ते पुढच्या हंगामापर्यंत. आणि रुपाने तर महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात फोनवरच दिवस गेल्याचं सांगून टाकलं होतं. "कळवतो," म्हणाले होते. अजून कळवलं नव्हतं. अमर म्हणाला होता, "कायद्यानं सांगाची गरजच नाई. कायले सांगतं?"

रुपाला आत बोलावलं. लाइट गेली होती म्हणून दार उघडंच होतं. रुखमाला बाकावरून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

मालक प्रभाकरराव वयस्क, जाड चष्म्याचे. शेजारी मॅनेजर प्रफुल्ल, हातात मशीनचा रिपोर्ट घेऊन. टेबलावर निळ्या कागदात रुईचे पाच नमुने. जागा ग्रेडरची होती. रुई पाहून, ओढून तिच्या तंतूची लांबी आणि दर्जा सांगायचा. आजवर या कारखान्यात ते काम बाईने केलं नव्हतं.

रुपा नमुने घेऊन खिडकीशी उजेडात गेली. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून तिने ओढली, तंतू एकावर एक ठेवले, पुन्हा ओढले. "अठ्ठावीस मिलिमीटर," ती म्हणाली. मग, "तीस. पण पिवळी, डागाळलेली कवडी लय आहे, पावसात भिजलेला कापूस दिसते." प्रफुल्ल रिपोर्टवर बोट ठेवत मान हलवत होता. चौथ्या नमुन्यापाशी ती थांबली. दोनदा ओढून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं.

"मशीन एकोणतीस सांगते," प्रफुल्ल म्हणाला.

"एकोणतीस त्यात नाईच साहेब. अर्धी सत्तावीस, अर्धी तीस. दोन जागचा माल मिसळला आहे. मशीननं सरासरी काढली."

प्रभाकरराव उठले. त्यांनी स्वतः त्याच नमुन्यातली चार ठिकाणची रुई ओढून पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"कुठं शिकली?"

"कोर्स नागपूरले केला. हात आईचा आहे. लहानपणी तिच्यापाशी बसून कापूस वेचो, तवा ती डोळे मिटून सांगे हा कोणत्या शेतातला."

बाहेर रुखमा अवघडून बसली. आपण जे करत होतो त्याला कोणी काही नाव देईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"एक ऑक्टोबरपासून या," मालक म्हणाले.

झालं, रुखमाने मनात म्हटलं. आता ऊठ पोरी.

रुपा उठली नाही. "एक सांगाचं आहे साहेब. मले पाचवा महिना चालू आहे. जानेवारीत बाळंतपण."

रुखमाच्या तोंडून तिच्या माहेरच्या गोंडीत काहीतरी निघून गेलं. घाबरली की तिला मराठी सुचायची नाही.

आत प्रफुल्लने रिपोर्ट टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. पुढल्या वर्षी बघू ना मग."

"तुम्ही हे आता काऊन सांगितलं?" प्रभाकररावांनी विचारलं. "मी हो म्हटलंच होतं."

"म्हणूनच सांगून राह्यली. पोट दिवाळीपर्यंत दिसलंच असतं. तवा तुमी म्हटलं असतं, हिनं हे लपवलं, मालातलं काय लपवत असंन? ग्रेडरच्या शब्दावर ट्रक सुटते साहेब." तिने चौथा नमुना परत निळ्या कागदात गुंडाळला. "मी सुट्टी घेईन, हक्काची आहे ते घेईन. त्याच्या आधी तीन महिन्यांत तुमच्याच वेचणाऱ्या बायांतली एक तयार करून देतो. त्यांच्या बोटांले सगळं समजते. त्यांले कोणी विचारलं नाई, एवढंच."

"चार दिवसांनी सांगतो," मालक म्हणाले.

बाहेर आल्यावर रुपा आईकडे बघेना. "रागावली का वो माय?"

रुखमाने तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली. फाटकापर्यंत ती लेकीच्या पुढे चालली. मग म्हणाली, "नोकरी नाई लागली तरी चालते. तू बसून बोलली त्याच्यासमोर. मी उभ्यानंबी बोलली नवती."

फोन पाचव्या दिवशी आला. एक ऑक्टोबर कायम. सुट्टी नियमाने मिळेल, शिकवायची बाई रुपानेच निवडायची. शेवटी प्रभाकरराव म्हणाले, "आणि तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा." रुखमाने तो निरोप रुपाला दोनदा सांगायला लावला. मग हातपंपावर, किराण्यात, अंगणवाडीत, जो भेटेल त्याला ती सांगत सुटली, "रुपा माही ग्रेडर झाली. पाचवा महिना आहे, सांगून नोकरीले लागली."

रुपाने कचरा वेचणाऱ्या बायांतल्या मंदाबाईला निवडलं. चौथी शिकलेली, पन्नाशीची. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसायला ती तयार होईना. डिसेंबरच्या अखेरीस ती मिलिमीटर सांगू लागली.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी मंदाबाई रुखमाच्या गावी आली, बाळाला टोपडं घेऊन. टोपडं दिल्यावर पिशवीतून हळूच निळी पुडी काढली. "प्रफुल्लभाऊ एकतीस म्हणते. मी एकोणतीसच लिवलं, अन् बदललं नाई. पण जीव थाऱ्यावर नाई पोरी."

रुखमाने बाळ मांडीवर घेतलं. रुपाने उजेडाकडे तोंड करून रुई ओढली. एकदा, दोनदा.

"एकोणतीस," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर आहे."

मंदाबाईने पुडी नीट घडी घालून पिशवीत ठेवली आणि चहा न घेताच निघाली. तीनची एसटी तिला गाठायची होती.