पान एकशे सत्त्याऐंशीवरची छत्री

धामणगाव बढ्याच्या वाचनालयात पेन्सिलीला शत्रू मानतात. रहस्यकथा हाती पडली की इथल्या वाचकाला समासात काहीतरी खरडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि निवृत्त कंडक्टर गुलाबराव तर पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून मोकळे होतात. म्हणून ग्रंथपाल रेवतीच्या पर्समध्ये कायम एक खोडरबर असतं. वीस वर्षं ती लोकांचं शहाणपण खोडत आली होती. या खेपेला मात्र तिनंच पेन्सिल उचलली.

पुस्तक होतं 'सरोवराकाठचं संकट'. लेखिका एस्तेर सिस्टर, आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. एकट्या राहायच्या, रविवारी न चुकता चर्चला जायच्या. रेवतीचे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा दोन वर्षं रोज सकाळी इन्सुलिन द्यायला याच सिस्टर यायच्या. त्यामुळे "प्रकाशनाले तूच बोलजो" असं त्या म्हणाल्या तेव्हा रेवतीनं आनंदानं मान हलवली. त्यांनी दिलेली पहिली प्रत तिनं नंतर वाचली.

प्रार्थना, प्रेम आणि खून असा तिहेरी बेत होता. नायिका नर्स मार्था, नायक इन्स्पेक्टर डॅनियल, आणि लोणारच्या सरोवराकाठी मार्थाच्या जिवावर उठलेला कोणी अज्ञात. अज्ञात कसला! बाराव्या पानावर सगळे जेवायला बसतात आणि एकटाच इसम प्रार्थना न करता भाकरी मोडतो. गुलाबरावांना लिहायला काही शिल्लकच नव्हतं. संकट आलं की मार्था गुडघे टेकायची आणि अडीच पानं प्रार्थना करायची, तोवर खुनी बिचारा कोयता घेऊन ताटकळत उभा. शेवटी त्याला तीन ओळींत पश्चात्ताप होतो आणि तो चर्चमध्ये गाणी म्हणू लागतो. प्रेमाची गत तर त्याहून वाईट. एवढ्या पानांत इन्स्पेक्टरसाहेबांनी काय केलं असेल, तर भर उन्हात मार्थाच्या डोक्यावर छत्री धरली. बस.

गोड भाषण लिहायचं तर आधी पोटातलं कडू काढून टाकावं, असं रेवतीनं ठरवलं. बारीक अक्षरात तिनं समास भरले. 'खुन्याला कोणी खुर्ची द्या.' 'मी चहा करून, पिऊन आले, प्रार्थना चालूच.' पान एकशे सत्त्याऐंशीवर, छत्रीपाशी: 'अहो साहेब, हात तरी धरा!' मन हलकं झालं. आता शनिवारी सगळं खोडायचं आणि रविवारी गोड बोलायचं.

शनिवारी दुपारी ती बँकेतून परत आली तर टेबलावर पुस्तक नव्हतं.

"सिस्टर आल्या होत्या," गुलाबराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "छापखान्यातून गठ्ठा अजून आला नाई म्हणे, अन् उद्यासाठी उतारा निवडायचा होता. तुमचं वाचून झालंच होतं, मंग देऊन टाकलं."

भाषण गेलं खड्ड्यात. उद्यापासून सिस्टरना तोंड कसं दाखवायचं? वडिलांच्या दुखण्यात रोज उजाडताच जिचा पाय घरात पडायचा, त्या बाईच्या आयुष्यातल्या एकुलत्या एक पुस्तकाची आपण अशी टर उडवली. रेवतीला स्वतःचीच लाज वाटली. वाचनालयाची किल्ली गुलाबरावांच्या हातात देऊन ती तडक निघाली.

सिस्टर ओट्यावर बसल्या होत्या. नाकावर चष्मा, मांडीवर पुस्तक, कानावर पेन्सिल.

"ये. खुन्याले खुर्ची भेटली नाई, तू तं घे."

"सिस्टर, माफ करा. मी खोडणारच होते."

"काऊन खोडतं? खरं हाय ते. इथं मलेच झोप लागली होती लिहिता लिहिता." त्यांनी पान दाखवलं, आणि दोघींना हसू आवरेना. "पण उद्या पास्टर येऊन राह्यले. त्यायच्या हाती पडाच्या आधी साफ कर."

रेवतीनं खोडरबर काढलं. खुर्ची गेली, चहा गेला. सिस्टर बाजूला बसून एकेक शेरा वाचायच्या, हसायच्या, चुरा फुंकायच्या. एकशे सत्त्याऐंशीवं पान आलं तेव्हा मात्र त्या उठल्या आणि तुळस, मोगरा जे हाती लागेल त्याला पाणी घालू लागल्या.

'अहो साहेब, हात तरी धरा!' याच्या खाली नर्सच्या तिरक्या अक्षरात एक ओळ होती.

'धरायला पाहिजे होता.'

रेवतीचा हात थांबला. "कोण होते, सिस्टर?"

"मलेरियाचे पुंजाजी. घरोघरी फिरून रक्ताचे नमुने घेत." त्या वळल्या नाहीत. "लोणारले कॅम्प होता, मे महिन्यात. सरोवरापासून वरपर्यंत छत्री धरून आले. स्वतः उन्हात. वर आल्यावर म्हणाले, येतो सिस्टर. मी म्हटलं, या. त्यायची बदली झाली. अन् आमचे बाबा चर्चचे कारभारी. जमलंच नसतं."

रेवती ग्रंथपालासारखं बोलली.

"मग पुस्तकात तरी हात धरू द्यायचा होता. पुस्तक तुमचं, कोण अडवणार होतं?"

सिस्टर वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज इंजेक्शनच्या वेळचा, खणखणीत होता.

"खुनाचं खोटं लिहिलं, चालते. पुंजाजीचं खोटं कसं लिहू मी?"

रेवतीनं उरलेली पानं साफ केली. ते एक पान तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती पंधरा मिनिटं बोलली. खुनाबद्दल एक शब्द नाही, प्रार्थनेबद्दल दोन वाक्यं, बाकी सगळा वेळ छत्रीबद्दल. पहिल्या रांगेत सिस्टर मांडीवरच्या पदराची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"मॅडम," गुलाबरावांनी नंतर चहाच्या वेळी गाठलंच, "छत्रीत असं काय हाय एवढं? अन् ते तुमचं पुस्तक कधी देता वाचाले?"

"नवीन गठ्ठा आला की त्यातलं देईन," रेवती म्हणाली. "हे नाही मिळणार."