वसंत ऋतू घट्ट धरा

मी एक स्प्रिंग बोलतेय. बोटभर लांब, पोलादी तारेची. कळमेश्वरला रुपराव काकांच्या छोट्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. तारेला वेटोळं घालून लालबुंद तापवलं, तेलात बुडवलं. तेव्हा अंगात जो ताठा आला, तो अजून गेलेला नाही.

संत्र्याचा रस काढायच्या यंत्रात, झाकणाखाली मला दाबून बसवलं. यंत्र ब्राझीलला निघालं होतं. तिकडे पोर्तुगीज बोलतात, म्हणून काकांनी मोबाइलवर इंग्रजी सूचनांचं भाषांतर करून पत्रकं छापून घेतली. ट्रक दारात उभा होता.

ऑफिसातली कामिनी हौसेनं पोर्तुगीज शिकत होती. तिनं पत्रक वाचलं आणि हसतच सुटली.

"काहून हासून राहिली वं?" काकांनी विचारलं.

"काका, यात लिहिलं हाय, झाकण काढाच्या आधी वसंत ऋतू घट्ट धरा!"

इंग्रजीत स्प्रिंग म्हणजे मी, वसंत ऋतू, पाण्याचा झरा आणि उडी मारणंसुद्धा. मोबाइलनं नेमका ऋतू उचलला. मला रागच आला. दबून राहायचं मी, आणि मान ऋतूला!

"समजून घेतील तिकडचे लोकं," काका चिडले. "झाकणात काय हाय एवढं? हे पाय!"

रागाच्या भरात झाकण काढताना मला धरायचंच विसरले. मी सुटले ती त्यांच्या कानाजवळून थेट छताच्या पत्र्यावर आदळले.

काकांनी कान चाचपला. "डोळा गेला असता न वं," ते हळूच म्हणाले. ट्रक थांबवला.

कामिनीनं माझ्यासाठी पोर्तुगीज शब्द शोधला, 'मोला'. खात्रीसाठी ब्राझीलमधल्या आपल्या शिक्षिकेला व्हिडिओ कॉल लावून मला कॅमेऱ्यासमोर धरलं. "मोला, मोला!" बाईंनी टाळीच वाजवली.

"मोला?" काका खुलले. "मंग तर मोलाचीच झाली हे!"

उडीत मी वाकडी झाले होते. सुधारलेल्या पत्रकासोबत माझ्या जागी बहीण गेली. वाईट वाटलं. पण परवा तिकडून व्हिडिओ आला. झाकण काढणाऱ्या बाईनं बहिणीला अंगठ्याखाली नीट धरलं होतं, आणि रसाचा ग्लास दाखवत ती हसत होती. मीही मनात हसले.

आता मी कामिनीच्या टेबलावर असते. पत्रकं तीच करते. तुमच्याकडे माझं एकच मागणं: शब्दाला परदेशी धाडण्याआधी, 'बाबा, तू कोणता?' एवढं विचारा. काका तर हल्ली स्वतःच विचारतात. काल नव्या यंत्राचे कागद कामिनीपुढे ठेवून म्हणाले,

"यात जागोजागी 'नट' हाय. खायचा का कसायचा, ते पायजो वं!"